झेल सुटतो तो डोळ्यात की हातात: धुळ्याच्या कोर्टावरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

आजपासून वही सुरू.

मी शाळेत खेळाचा शिक्षक. सकाळ-संध्याकाळ गावाच्या कडेच्या मुरमाच्या कोर्टावर टेनिस शिकवतो. सध्या चौदा मुलंमुली आहेत, दहा ते पंधरा वयाची. गेली कित्येक वर्षं मी त्यांना एकच वाक्य ऐकवत आलो: ‘चेंडूवर नजर ठेव.’ आणि चेंडू सुटला की दुसरं: ‘लक्ष कुठं आहे तुझं?’ ही दोन वाक्यं मला आता पुरेनाशी झाली आहेत. चेंडू हातात येतो तेव्हा डोळ्यांनी नेमकं कोणतं काम केलेलं असतं, आणि तो सुटतो तेव्हा कोणतं काम राहून गेलेलं असतं, हे मुलांसोबत शोधायचं आहे. मुदत होळीपर्यंत.

टेनिसमध्ये झेल कुठे असतो, असं एका मुलाच्या वडिलांनी सकाळीच विचारलं. रास्त प्रश्न आहे. चेंडू कुठे येणार आणि कधी येणार, हे दोन्ही हिशेब झेलाला आणि फटक्याला सारखेच लागतात. रॅकेट काढून घेतली की पकड, मनगट, फटक्याच्या सवयी बाजूला पडतात आणि डोळा व हात एवढेच उरतात. म्हणून सुरुवात रिकाम्या हातानं.

मुलांची नावं वहीत नाहीत. १ ते १४ क्रमांक.

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी साडेसहाला कोर्टावर बोटं वळत नव्हती. धुळ्याची थंडी या दिवसांत अशीच असते. अशा थंडीत चेंडूही आळसावतो, टप्पा बसतो. म्हणून आधी चेंडूच तपासले. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर. शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर भिंतीला खडूच्या खुणा करून एकेक चेंडू सोडला. टोपलीतल्या बासष्टपैकी एकोणीसच खुणेपर्यंत पोचले. काही तर गुडघ्याच्या वरही आले नाहीत.

ही मुलं रोज या टोपलीतला हाताला येईल तो चेंडू उचलतात. एक उसळतो, दुसरा बसतो. डोळ्यांनी केलेला हिशेब चेंडूच खोटा ठरवत असेल तर मुलानं शिकायचं काय? मेलेले चेंडू वेगळ्या पोत्यात भरले. प्रयोगासाठी एकोणीसच वापरायचे.

बुधवार, ८ जानेवारी

पट्टीची चाचणी. तीस सेंटिमीटरची पट्टी मुलाच्या बोटांमध्ये उभी धरायची, न सांगता सोडायची, ती किती सेंटिमीटरवर पकडली ते वाचायचं. पडण्याचं अंतर कळलं की वेळ गणितानं निघते: १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७५ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२२५.

आमची मुलं बहुतेक १७ ते २३ च्या दरम्यान. क्र. ४ सगळ्यांत चपळ निघाला, १५ वर. पण झेलात तो मधल्या फळीतला आहे. आणि क्र. ११, जिच्या हातून क्वचितच काही सुटतं, ती पट्टीवर २२ ला. म्हणजे दचकून हात मिटण्याचा वेग हा झेलाचा गाभा नव्हे. खेळातल्या नजरेवर काम करणाऱ्या ब्रूस अ‍ॅबरनेथी यांच्यासारख्या संशोधकांचंही सांगणं हेच: मुरलेला खेळाडू आणि नवखा यांच्यात साध्या प्रतिक्रियेच्या वेळेचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो आधीच ओळखण्यात.

सोमवार, १३ जानेवारी, पौष पौर्णिमा

आजची नोंद लांबणार आहे, कारण आजची संध्याकाळ मनासारखी गेली.

चेंडू लांबून येताना किती छोटा दिसतो हे मुलांना समजावायचं होतं. कोनाचं गणित फळ्यावर मांडलं तर मोठ्यांना कळलं, धाकट्यांचे चेहरे कोरे. मग आठवलं की आज पौर्णिमा आहे. पूर्ण चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. आपला चेंडू ६.७ सेंटिमीटरचा. तो सव्वासात-साडेसात मीटरवर धरला की तेवढाच, अर्धा अंश. म्हणजे तेवढ्या अंतरावरून चेंडू आणि चंद्र सारखे दिसले पाहिजेत.

सूर्य मावळायच्या सुमाराला पूर्वेला चंद्र वर आला. क्र. २ ला प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उंच उभा केला, हातात काठी, काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला चेंडू. बाकीचे खाली, टेपनं मोजून. एक डोळा मिटून चंद्राशेजारी चेंडू आणायचा आणि सारखे दिसेपर्यंत पुढेमागे सरकायचं. सगळ्यांनी आधी चंद्र कितीतरी मोठा आहे असं सांगितलं. क्षितिजाजवळचा चंद्र आपल्याला मोठा वाटतो, भरतो मात्र तेवढाच. शेजारी चेंडू आल्यावर गप्प झाले. कोणी सात मीटरवर थांबलं, कोणी आठवर. धाकटी क्र. १३ म्हणाली, “सर, म्हणजे नेटपलीकडून मारलेला चेंडू चंद्रापेक्षाही बारीक असतो?”

असतो. बारा मीटरवरचा चेंडू एक तृतीयांश अंशाहूनही थोडा कमी भरतो. तोच चेंडू डोळ्यापासून एक मीटरवर आला की जवळजवळ चार अंश. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की हे वाढणं सारख्या गतीनं होत नाही. सेकंदाला दहा मीटर वेगानं येणारा चेंडू बारावरून सहा मीटरवर येतो तेव्हा दिसायला दुप्पट होतो, आणि त्याला ०.६ सेकंद लागतात. दोन मीटरवरून एकवर येतानाही तो दुप्पटच होतो, पण ०.१ सेकंदात. सुरुवातीला चेंडू जणू जागचा हलत नाही, आणि मग एकदम अंगावर फुगतो. डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये दाखवलं की चेंडू किती मोठा दिसतो आणि किती वेगानं मोठा होतोय, या दोहोंच्या भागाकारातून तो पोचायला किती वेळ उरलाय हे निघू शकतं. अंतर माहीत नसलं, वेग माहीत नसला, तरी चालतं. मुलं हा भागाकार कागदावर करत नाहीत, पण त्यांचे डोळे तो करत असावेत.

अंधार पडेपर्यंत कोणी घरी जायला तयार नव्हतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कोर्टावर कोणीच नाही, सगळे गच्चीवर. तिळगुळाच्या निमित्तानं चार घरं झाली. क्र. ६ चा मांजा धरलेला हात पाहत राहिलो. पतंग इतक्या वर असूनही त्याला झोल कधी पडणार हे आधी कळतं. उद्या उंच चेंडू घ्यायचे.

बुधवार, १५ जानेवारी

उंच चेंडू. मी रॅकेटनं आभाळात मारायचा, मुलानं धावत जाऊन हातात घ्यायचा.

सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये बेसबॉलच्या झेलाबद्दल एक सुंदर गोष्ट मांडली होती. आपण जिथे चेंडू उतरणार तिथेच उभे असू, तर चेंडू नजरेत वर वर चढत राहतो आणि त्या चढण्याची गती, नजरेच्या कोनाच्या ‘टॅन’मध्ये मोजली तर, एकसारखी असते. चढण्याचा वेग वाढत गेला तर चेंडू डोक्यावरून मागे जाणार. मंदावला तर पुढ्यात पडणार. म्हणजे तो कुठे उतरेल याचा हिशेब करायचीच गरज नाही. चढ एकसारखा राहील असं पळत राहायचं, पाय आपोआप चेंडूखाली पोचतात. पुढे मॅक्लाउड आणि डिएन्स यांनी क्षेत्ररक्षकांच्या धावण्याचं चित्रण करून मोजलं, तर ते खरोखर असंच पळतात असं दिसलं.

मुलांना मी फक्त एवढंच सांगितलं: “चेंडू नजरेत पळायला लागला तर मागे, थांबल्यासारखा वाटला तर पुढे.” क्र. ६ ला सांगावंच लागलं नाही. क्र. ८ दर वेळी आधी दोन पावलं पुढे टाकतो आणि मग मागे धडपडतो. उंच चेंडूवर पहिली दोन पावलं न टाकता क्षणभर थांबायचं, असं त्याला सांगितलं. पाच चेंडूंत दोन घेतले. त्याआधी शून्य होते.

शनिवार, १८ जानेवारी

संध्याकाळचं ऊन. आमचं कोर्ट पूर्व-पश्चिम आखलेलं आहे. टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण असावं लागतं ते याचसाठी, की सकाळचा किंवा संध्याकाळचा सूर्य कोणा एकाच्या डोळ्यांत जाऊ नये. ज्यांनी आखलं त्यांना जागा तेवढीच मिळाली असेल, पण पूर्वेच्या बाजूला उभी असलेली मुलं रोज पाच वाजता आंधळी होतात आणि मी त्यांना ‘बघ, बघ’ म्हणून ओरडत असतो. आजपासून साडेचारनंतर सगळ्यांनी पश्चिमेच्या बाजूला, सूर्याकडे पाठ करून. चेंडू मी पूर्वेकडून टाकणार.

आणखी एक. जुना चेंडू मुरमाच्या रंगाचा होतो. नव्या चेंडूचा तो झगझगीत पिवळा रंग १९७२ मध्ये नियमात आला, रंगीत टीव्हीवर चेंडू नीट दिसावा म्हणून. विम्बल्डननं पांढरा चेंडू १९८६ मध्ये सोडला. टीव्हीसाठी केलेला बदल डोळ्यांच्याही कामी आला. जुना मातकट चेंडू आणि नवा पिवळा, दोन्ही एकाच वेगानं आलटून पालटून टाकले. मातकट चेंडूंना मुलांचे हात उशिरा उठतात हे नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. पोत्यातले मातकट चेंडू भिंतीवर मारायलाच ठेवायचे.

बुधवार, २२ जानेवारी

भिंत-झेल चाचणी. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहायचं, एका हातानं खालून चेंडू भिंतीवर टाकायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा, तीस सेकंद. क्र. ११ चे २७ झाले. बहुतेकांचे अठरा ते चोवीस. क्र. ९ चे १९, म्हणजे बहुतेकांसारखेच. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण समोरून टाकलेल्या चेंडूवर क्र. ९ सगळ्यांत जास्त सोडते. भिंतीवर जमतं आणि समोरून नाही, हे कसं?

बुधवार, २९ जानेवारी

पुतण्या पुण्याहून आला आहे. त्याच्या मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेता येतात. एक चित्र म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. तिवईवर मोबाइल, मी आठ मीटरवरून चेंडू टाकतो, मुलं एका हातानं झेलतात.

रात्री घरी जेवण झाल्यावर दोघांनी बसून चित्रं मोजली. चेंडू तळहाताला लागायच्या आधीच बोटं मिटायला लागलेली असतात. हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. आपल्याला वाटतं, चेंडू लागला म्हणून हात मिटला. लागल्यावर मिटायला घेतला असता तर चेंडू केव्हाच उडून गेला असता. सेकंदाला दहा मीटर वेगाचा चेंडू स्वतःएवढं अंतर सात मिलिसेकंदांतच कापतो, आमच्या चित्रफितीतली जेमतेम दोन चित्रं. एवढ्या बारीक फटीत हात मिटवायचा म्हणजे मिटवण्याचा हुकूम कितीतरी आधी सुटलेला असणार. डोळ्यात दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातोच. तेवढ्या वेळात हा चेंडू दोन मीटर पुढे येतो. शेवटच्या दोन मीटरमध्ये जे दिसतं त्यावर हाताला मोठी दुरुस्ती करता येत नाही.

क्र. ११ ची बोटं दर वेळी जवळजवळ त्याच चित्रावर हलायला लागतात. क्र. ९ ची कधी फार आधी, कधी चेंडू तळव्यावर आपटल्यावर. हात जागेवर असतो. जागा चुकत नाही, वेळ चुकते. पुतण्यानं तीच फीत चार वेळा लावली. मला झोप लागली नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

चादरीचा प्रयोग. दोन बांबूंना जुनी चादर बांधून मुलाच्या एका हाताच्या पुढ्यात अशी उभी केली की चेंडूचा शेवटचा दीड मीटर दिसू नये. चादरीपलीकडून चेंडू येतो आणि एकदम हातात. मुलांनी आधी अशक्य म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांनी निम्म्याहून जास्त घेतले. मग चादर उलट लावली: सुरुवातीचा भाग झाकला, शेवटचा उघडा. झेल धडाधड सुटले. आठवड्याभर जे सांगतोय ते मुलांना पाच मिनिटांत पटलं.

दुसरा खेळ: गळ्यात पुठ्ठ्याची पट्टी, स्वतःचा हात दिसू नये म्हणून. आपला हात कुठे आहे हे अंगालाही कळतं, पण नवख्याला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावा लागतो. धाकट्यांचे झेल पुठ्ठ्यामुळे फार सुटले. क्र. ११ ला फारसा फरक पडला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

‘चेंडूवर नजर ठेव’ हे वाक्य मी आज सोडलं.

२००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी तीन क्रिकेट फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडू सुटताना बघतो, मग त्याची नजर चेंडू सोडून टप्पा पडणार त्या जागी उडी मारते आणि तिथे वाट बघत थांबते. चेंडू मागून येतो. आणि तिघांतल्या सर्वांत चांगल्या फलंदाजाची उडी सर्वांत आधी होत होती. बेसबॉलमध्ये बाहिल आणि लारिट्झ यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की फलंदाजाचे डोळे चेंडूचा शेवटपर्यंत पाठलाग करूच शकत नाहीत. जवळ आल्यावर तो नजरेच्या वेगापलीकडे जातो.

मग मुलांना काय सांगायचं? तीन तुकडे केले: “सुटताना बघ. टप्प्याची जागा आधी गाठ. फटक्याच्या वेळी डोकं हलवू नको.” चेंडूचा शेवटचा भाग दिसत नाही म्हणून तिकडे बघायचंच नाही असं मात्र नव्हे. रॉजर फेडररचे फटक्याच्या क्षणाचे फोटो मुलांना दाखवले. चेंडू निघून गेला तरी त्याची मान तिथेच असते. डोकं स्थिर असलं की डोळ्यांचा हिशेब बिघडत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सर्व्हिस ओळखायचा खेळ. क्र. १ आणि क्र. ३ च्या सर्व्हिसचं चित्रण केलं, रॅकेट चेंडूला लागते तिथे फीत थांबवली, बाकीच्यांनी चेंडू कुठे जाईल ते सांगायचं. पुढच्या फेरीत त्याहूनही आधी थांबवली. जोन्स आणि माइल्स यांनी १९७८ मध्ये टेनिसच्या प्रशिक्षकांवर असाच प्रयोग केला होता, आणि रॅकेट चेंडूला लागायच्या आधी चित्र थांबवूनही त्यांचे अंदाज नुसत्या नशिबापेक्षा चांगले आले होते. ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस समोरच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचते. त्यातला बघण्या-हलण्यातला वेळ वजा केला की उरतं काय? म्हणून चेंडू सुटायच्या आधीच खांदा, फेक आणि रॅकेटचं तोंड वाचावं लागतं. आंद्रे अगासीनं सांगितलं होतं की बोरिस बेकर सर्व्हिसच्या वेळी जीभ कोणत्या बाजूला काढतो त्यावरून तो दिशा ओळखत असे.

क्र. ३ बाहेरच्या कोपऱ्यात मारताना चेंडू थोडा उजवीकडे फेकतो, हे तिघांनी पकडलं. क्र. ९ नं सगळ्यांत आधी. म्हणजे तिचं लक्ष असतं. सगळ्यांपेक्षा जास्त असतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मण्यांची दोरी. तीन मीटर दोरीत तीन रंगीत मणी ओवायचे, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून धरायचं. मधल्या मण्याकडे बघितलं की दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर त्या मण्याशी दोन दोऱ्या फुलीसारख्या छेदताना दिसतात. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक ब्रॉक या दृष्टितज्ज्ञाच्या नावानं ही दोरी ओळखली जाते. मी ती फक्त दोन्ही डोळे मिळून खोली कशी बघतात हे मुलांना समजावं म्हणून केली होती.

एकेक जण दोन दोऱ्या बघून हसत होता. क्र. ९ ची पाळी आली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सर, माले त एकच दोरी दिसस.”

मी तिला डावा डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. तिला तारखांचे मोठे आकडेसुद्धा वाचता आले नाहीत.

ती माझ्याकडे दोन वर्षं आहे. दोन वर्षं मी तिला सगळ्यांसमोर विचारलं आहे, लक्ष कुठं आहे तुझं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तिच्या घरी गेलो. वडील जिनिंगमध्ये पाळीवर होते, आई घरी. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, मग ऐकत राहिली. म्हणाली, “आम्हले वाटे पोर धांदरट शे. तिना हातमाईन भांडं पडस.” पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडणं, सुईत दोरा न ओवता येणं, हे सगळं घरात रोजचं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की इतरांना दोन डोळ्यांनी दिसतं. तिला स्वतःला तर कसं कळावं? तिच्यासाठी जग पहिल्यापासून असंच आहे.

शाळेत डोळे तपासले होते, तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचायला लावला होता. चांगल्या डोळ्यानं तो तिनं वाचला. एकेक डोळा झाकून वाचायला लावणं, एवढंच राहून गेलं. त्या एवढ्याशा गोष्टीनं पाच-सहा वर्षं गेली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आई, ती आणि मी. उजव्या डोळ्याचा नंबर मोठा, प्लसचा. डाव्याचा जवळजवळ नाही. लहानपणापासून मेंदूनं उजव्या डोळ्याचं धूसर चित्र बाजूला टाकायची सवय लावून घेतली. डोळा दिसायला अगदी ठीक, वाकडा नाही, लाल नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात, पण मला ते नाव तिच्यासमोर उच्चारवलं नाही. आळशी काहीच नव्हतं त्यात.

पाच-सहा वर्षांच्या आत सापडलं असतं तर उपचार फार सोपा होता. बाराव्या वर्षीही उपयोग होतो, पण किती होईल याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. चष्मा सतत, आणि रोज काही तास डाव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी. आणखी एक गोष्ट त्यांनी मला वेगळी बोलावून सांगितली: तिचा भार सध्या एकाच डोळ्यावर आहे, त्याला चेंडू लागता कामा नये. खेळताना पॉलिकार्बोनेटच्या काचांचा खेळाचा चष्मा घातल्याशिवाय कोर्टावर नाही. हे मी कोर्टाच्या फाटकावरच लिहून लावणार आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दहावीवाले परीक्षेला, कोर्टावर आठच जण.

क्र. ९ भिंतीवर मधल्या फळीत का होती, ते आता उलगडलं. आपणच टाकलेला चेंडू असतो, वेग कमी, अंतर ठरलेलं. एका डोळ्यालाही पुरेशा खुणा मिळतात. बेल्जियम-नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ मध्ये टेनिसच्या चेंडूंचेच झेल घेऊन तपासलं होतं की दोन डोळ्यांनी खोली नीट न कळणाऱ्यांचं चेंडूचा वेग वाढला की जास्त अडतं. आमच्या वहीत तेच उतरलं आहे. हळू टाकलेले दहापैकी आठ ती घेते. जोरात टाकलेले दहापैकी तीन.

क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडींचं उदाहरण तिच्या वडिलांनीच काढलं. १९६१ मध्ये अपघातात उजवा डोळा गेला आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. तिला धीर द्यायला हे उदाहरण चांगलं आहे, पण ते तिच्या मानगुटीवर बसू नये. पतौडी दोन डोळ्यांनी खेळ शिकून मग एका डोळ्यावर आले होते. तिला दुसरा डोळा मिळालाच नव्हता. ‘ते करू शकले, तू का नाही’ असं तिला कोणीही म्हणायचं नाही, हे मी वडिलांना हात जोडून सांगितलं.

सोमवार, ३ मार्च

शाळेतल्या पाचवी-सहावीच्या सगळ्या मुलांची, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, एकेक डोळा झाकून तक्त्यावर तपासणी केली. सहा मीटर अंतर फक्कीनं आखलं. एका डोळ्यात फरक वाटलेली दोन मुलं निघाली. दोघांनाही डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी दिली. एकाचे वडील रागावले. पोर शाळेत पहिला येतो, त्याला काय झालंय. उद्या पुन्हा जाईन.

शनिवार, ८ मार्च

तिचा खेळाचा चष्मा आला. नाशिकहून मागवावा लागला. दुपारी ऊन तापायला लागलंय, आता सरावाची वेळ सकाळची करावी लागेल.

तिच्यासाठी चेंडूंचा क्रम उलट लावला. लाल चेंडू मोठा आणि पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के मंद. हे चेंडू लहान मुलांसाठी बनवलेले, आणि बारा वर्षांच्या मुलीला लाल चेंडू दिला तर तिला अपमान वाटेल अशी धास्ती होती. म्हणून सगळ्यांनाच लाल चेंडूवर आणलं. मंद चेंडूवर सगळ्यांनाच टप्प्याची जागा आधी गाठायला वेळ मिळतो. क्र. ८ ला त्याचा सर्वांत जास्त फायदा झाला.

तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. टप्प्यापासून एक पाऊल मागे उभं राहायचं, म्हणजे चेंडू थोडा उशिरा आणि हळू येतो. आणि चेंडू येताना डोकं किंचित बाजूला सरकवायचं. एका डोळ्यालासुद्धा असं सरकल्यावर जवळचं-लांबचं वेगळं हलताना दिसतं. ती म्हणाली, “सर, हे तर मी करतेच.” फीत काढून बघितली. खरंच करते. मीच तिला महिनाभर ‘डोकं हलवू नको’ म्हणत होतो. पाच फेब्रुवारीच्या नोंदीतलं वाक्य तिच्यापुरतं बदललं: फटक्याच्या क्षणी डोकं स्थिर, त्याआधी मोकळं.

गुरुवार, १३ मार्च, होळी

ठरलेली मुदत आज संपली. निम्मी मुलं गावाला गेलीत, सातपुड्याकडची दोघं होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारापासूनच गायब आहेत. वही बंद करायची ठरवलं होतं, पण करत नाही. पट्टी लावून पंचवीस दिवस झाले, डॉक्टरांनी पुढची तारीख मे महिन्यातली दिली आहे.

आज ती एकटीच आली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी, वर चष्मा. पट्टी असताना खेळायला मनाई केली होती, मग तिनं भिंतीशी बसून मला चेंडू लोळवायला लावले. तीन मीटरवरून, हळू, जमिनीवरून. तिला फक्त उजव्या डोळ्यानं तो कधी पोचतोय ते सांगायचं होतं, हातानं नव्हे, तोंडानं: ‘आता.’ पहिल्या वीसांत ती दर वेळी उशिरा. त्यानंतरच्या वीसांत सहा वेळा बरोबर.

सोमवारी: डॉक्टरांना विचारून पट्टीसकट लोळवलेला चेंडू हातानं अडवणं. लाल चेंडू. अंतर ३ मीटर. खेळाचा चष्मा. रागावलेल्या वडिलांकडे तिसऱ्यांदा जाणं.